चादरीच्या काठातल्या एकशेऐंशी गोळ्या

विरुपाक्षाला चपलांची पारख होती, आणि ती नाकानं होती.

साडेचार वर्षांपूर्वी अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत चालत्या मागासमोर उभा असताना त्याला पहिल्यांदा फेपरं आलं. तो पडला, हातपाय झाडले, तोंडाला फेस आला, आणि शुद्धीवर आला तेव्हा त्याच्या नाकाशी चार चपला होत्या. डोळे उघडण्याआधीच त्यानं ओळखलं की एक मुकादमाची आहे, एक सिदूची आहे, एक टायरची आहे आणि चौथीच्या मालकानं येताना वाटेत शेणात पाय दिलेला आहे. फेपरं आलेल्याला चप्पल हुंगवायची, हे सोलापुरात कुणी कुणाला शिकवत नाही. काही लोक कांदा आणायलाही धावतात. पण कांदा आणावा लागतो आणि चप्पल पायातच असते.

डॉक्टर हत्तुऱ्यांनी त्याला गोळ्या सुरू केल्या. पांढरी, मसुरीहून जरा मोठी, रोज झोपताना एक. सुरुवातीला आणखी एकदा फेपरं आलं, मग आलंच नाही. चार वर्षं आणि दोन महिने आलं नाही. पण कारखान्यात या बातमीची कुणी दखल घेतली नाही. मुकादमानं त्याला मागावरून काढून सुताच्या कांड्या भरायला बसवलं, बायकांच्या रांगेत. बायका मनानं भल्या होत्या. तो नुसता शिंकला तरी सातजणी एका पायावर उभ्या राहायच्या, आणि दुसऱ्या पायातली चप्पल हातात असायची.

विरुपाक्षासारखा विणकर आख्ख्या एमआयडीसीत नव्हता. कांड्या भरता भरता ते सिद्ध करणं मात्र अवघड होतं.

अशात मोहोळचे आबासाहेब आले. त्यांचं आधी खताचं दुकान होतं. आता ते माणसं परदेशी पाठवत. स्टेशनाजवळच्या एका हॉटेलच्या माडीवर त्यांनी खोली घेतली होती. इराकात बसरा म्हणून गाव आहे, तिथं टॉवेल-चादरींचा नवा कारखाना निघालाय, दोन वर्षांसाठी बारा माणसं पाहिजेत, मुंबईहून बोटीनं जायचं. परीक्षेसाठी आबासाहेबांनी ओळखीच्या एका कारखान्यात मुद्दाम धागे तोडून ठेवलेला एक माग दाखवला. बाकीच्यांनी आधी देवाचं नाव घेतलं. विरुपाक्षानं देवाचं नाव घ्यायच्या आत माग चालू केला.

"सध्या काय करतोस?" आबासाहेबांनी विचारलं.

"मागावरच हाय की."

माग त्याच्या बसायच्या जागेपासून अकरा फुटांवर होता, म्हणजे अगदीच खोटं नव्हतं.

बसऱ्यात त्याला कुणी ओळखत नव्हतं. बसऱ्याबद्दल त्याला एवढी एकच गोष्ट ठाऊक होती, आणि तेवढी पुरे होती.

सहा महिन्यांच्या गोळ्या मागायला तो गेला, तेव्हा डॉक्टरांनी चष्मा कपाळावर चढवला.

"परदेशी निघालास तर नीट ऐक. ही गोळी झोपेच्या गोळ्यांच्या कुळातली आहे. कुठल्या देशात चालते आणि कुठं धरून आत टाकतात, मला काय ठाऊक? मी विजापूरच्या पलीकडं गेलेलो नाही. पण चिठ्ठीशिवाय नेऊ नकोस. मी लिहून देतो. नाव, आजार, गोळी, रोज किती. इंग्रजीत, शिक्का मारून."

"आजार बी लिहिणार?"

"मग काय रास लिहू?"

विरुपाक्षानं भिंतीवरच्या कॅलेंडरवर बोटानं सहा महिने मोजले. "आणि गोळ्या नेल्याच न्हाईत तर?"

डॉक्टरांनी चष्मा खाली घेतला. "एकदम बंद केल्यास तर दोन-तीन दिवसांत झटका येईल. मग एकावर एक येत राहतात, मधे शुद्धच येत नाही. माणूस जातो, विरुपाक्षा. यात चेष्टा नाही."

त्यांनी चिठ्ठी लिहिली, शिक्का मारला आणि वाऱ्यानं उडू नये म्हणून तिच्यावर काचेचा पेपरवेट ठेवला. विरुपाक्षानं दुकानातून गोळ्या घ्यायचा कागद उचलला, पाया पडला आणि चिठ्ठी विसरला. ती विसरायला त्याला बरेच कष्ट पडले, कारण ती त्याच्या डोळ्यांसमोरच होती.

चिठ्ठी दाखवली तर बसऱ्याला जाण्याआधीच बसऱ्यात सगळ्यांना कळणार, म्हणजे नोकरी गेली. चिठ्ठी नसताना गोळ्या सापडल्या तर तुरुंग. गोळ्या नेल्याच नाहीत तर चपलासुद्धा उपयोगी पडणार नाहीत. सिदू त्याचा जुना मित्र, सात नंबरच्या मागावरचा. त्याला हे सांगितलं तेव्हा त्यानं धीर दिला.

"मंद्रूपच्या एकानं खोकल्याचं औषध नेलं म्हणं कुटल्या तरी देशात. धरलं की. दोन वर्षं आत हाय."

"आणि खोकला?"

"खोकला बरा झाला."

एवढा धीर देऊन झाल्यावर सिदूनं डोकं चालवलं. सोलापुरी चादर दुहेरी विणता येते. वरचा पदर आणि खालचा पदर एकाच वेळी विणले जातात, नक्षीच्या रेघांवर एकमेकांत गुंततात, आणि रेघांच्या मधल्या चौकोनात पोकळ खिसा राहतो. शिवण नाही, टाका नाही, उसवायला जागा नाही. आजवर त्या खिशात कुणी काही ठेवलं नव्हतं, कारण काढायचं तर चादर फाडावी लागते.

सुट्टीच्या दिवशी त्यांनी वॉचमनला भजी आणून दिली आणि सात नंबरचा माग मोटर बंद ठेवून हातानं फिरवला. साडेचार वर्षांनी विरुपाक्ष मागासमोर उभा होता. सिदू चाक फिरवायचा, विरुपाक्ष काठाच्या चौकोनात दोन गोळ्या सोडायचा, वरून धागे बसायचे, चौकोन मिटायचा. प्लास्टिकची पुडी करून बघितली, पण काठ दाबला की ती कुरकुरत होती. म्हणून गोळ्या तशाच, उघड्या. संध्याकाळपर्यंत नव्वद चौकोन झाले. काळ्या-तांबड्या काठाची अशी देखणी चादर सात नंबरवर पूर्वी निघाली नव्हती.

बोटांनी चाचपलं की काठात बारीक खडे लागत होते.

"कुणी विचारलं तर खळ म्हणायचं," सिदू म्हणाला. "सुताला पाजलेली खळ राहिलीय, गाठी झाल्यात. कोऱ्या चादरीत खळ असतीयाच की."

सहा महिन्यांनी अशीच दुसरी चादर पार्सलनं पाठवायची असंही ठरलं. दोन वर्षांत चार चादरी. चादरींच्या कारखान्यात काम करणाऱ्या माणसाला सोलापुराहून चादरी कशाला येतात, असं बसऱ्यात कुणी विचारलं तर काय सांगायचं, ते ठरलं नाही.

घरी विरुपाक्षाची आई, नागम्मा, हिनं चादर बघितली, काठावरून हात फिरवला आणि थांबली.

"हे काय रे टोचतंय, इरुपा?"

"खळ हाय अव्वा. तू हात लावू नको तिला."

"बरं," नागम्मा म्हणाली. ती सहसा इतक्या लवकर बरं म्हणत नसे. विरुपाक्षाचं तिकडं लक्ष गेलं नाही.

*

गाडी शनिवारी सकाळची होती. गुरुवारी आबासाहेबांनी बाराही जणांना सामान घेऊन माडीवर बोलावलं होतं. नागम्मानं रात्री भरून ठेवलेली ट्रंक विरुपाक्ष सायकलच्या कॅरिअरला बांधत होता तेव्हा ती म्हशीच्या गोठ्यातून ओरडली, "चंदी आज उठंना रे!"

"ऊन लई हाय," विरुपाक्ष म्हणाला आणि निघाला. सकाळचे साडेसात वाजले होते.

माडीवर बारा ट्रंका उघड्या पडल्या होत्या आणि मधे आबासाहेब बाह्या वर करून उभे होते.

"ऐका. मागल्या खेपेला एका गाढवाच्या ट्रंकेत मुंबईच्या धक्क्यावर गोळ्या निघाल्या. कशाच्या होत्या त्यालाच ठाऊक न्हाई. आख्खी बॅच उतरवली त्यांनी बोटीवरनं. एकाच्या पायी नऊ जण परत आले, आणि ते नऊ जण पहिले माझ्या घरी आले. म्हणून या वेळेला मी तपासणार. हितं सापडलं तर नुसतं नाव कापीन. तितं सापडलं तर काय कापतात मला ठाऊक न्हाई. तपासून झालं की ट्रंकेला दोरी, दोरीला लाख, लाखेवर माझा शिक्का. मुंबईपर्यंत कुणी फोडायचं न्हाई. मुंबईत खिसे बी तपासतील."

आबासाहेबांची झडती बघण्यासारखी होती. त्यांनी लोणच्याच्या बरणीत चमचा घालून तळ ढवळला. साबणाची वडी दोरा लावून मधोमध कापली. कडक भाकरीची चवड एकेक करून उजेडापुढं धरली, जणू आतून काही दिसणार होतं. येडू नावाचा मोहोळकडचा एक आडदांड गडी होता, त्याच्याकडं पोटाच्या चूर्णाची पुडी निघाली.

"हे काय?"

"पोट साफ व्हायला."

"हितंच साफ कर," म्हणून आबासाहेबांनी पुडी खिडकीबाहेर फेकली. खाली कुणाला तरी शिंका आल्या.

विरुपाक्षाची पाळी अकरावी होती. तोवर त्याचा सदरा पाठीला चिकटला होता. आबासाहेबांनी शेंगाचटणीचा डबा हुंगला, पायजम्यांच्या नाड्या ओढून बघितल्या, आणि तळातून चादर काढली. झटकली. एक टोक धरलं आणि दोन बोटांच्या चिमटीत काठ घेऊन ते सावकाश पुढं सरकू लागले.

पहिला चौकोन. दुसरा. तिसरा.

खळ हाय, खळ हाय, खळ हाय, असं विरुपाक्ष मनात घोकत होता, म्हणजे विचारल्याबरोबर तोंडातून निघावं. आबासाहेबांची बोटं दहाव्या चौकोनावर आली. विसाव्यावर. कोपऱ्यावर वळली. त्यांच्या कपाळावर एकदाही आठी पडली नाही. तिसाव्या चौकोनाला विरुपाक्षाला वाटलं, आपण सुटलो. चाळिसाव्याला वाटलं, आबासाहेबांच्या बोटांना कमी कळतं. साठाव्याला त्याचं घोकणं थांबलं.

"मऊ हाय रे चादर," आबासाहेब म्हणाले. "धुतलेली दिसतीया."

विरुपाक्षानं हात पुढं केला आणि काठ धरला. काठ मऊ होता. नव्वदच्या नव्वद चौकोन एखाद्या बाळाच्या कानासारखे मऊ होते.

"बघू जरा," तो म्हणाला आणि दुसरा काठ चाचपू लागला. मग तिसरा.

"अरे, तू काय तपासतोस? मी तपासलं की! काही न्हाई त्यात."

"खरंच काही न्हाई?"

आजवर असं कुणी विचारलं नव्हतं. आबासाहेबांनी त्याच्याकडं नीट बघितलं, चादर घडी करून ट्रंकेत टाकली, दोरी आवळली, लाख ओतली आणि शिक्का दाबला. "पास," ते म्हणाले. "असं स्वच्छ सामान असावं."

*

घरापुढं गल्ली जमली होती. गोठ्यात चंदी म्हैस आडवी पडली होती. मान पसरलेली, जीभ बाहेर, पोट संथपणे वरखाली. तिच्या मानेशी नागम्मा पदर तोंडाला लावून बसली होती. ढोरांच्या दवाखान्यातला कंपाउंडर ज्ञानबा सायकलच्या पंपाएवढी पिचकारी भरत होता.

विरुपाक्ष गर्दीत घुसला. "अव्वा, चादर धुतलीस तू?"

"म्हैस मरायला लागलीया आणि चादरीचं काय घेऊन बसलास?"

"धुतलीस का?"

"व्हय, काल धुतली! परक्या मुलखात कोरी चादर अंगावर घेणार व्हय? खळीनं कातडं सोलून निघतंय. तुझा बाप आयुष्यभर माग हाकत होता, पण कोरं कापड कधी अंगाला लावू दिलं न्हाई मी." तिनं नाक पुसलं. "आणि खळ तरी केवढी रे! गाठीच्या गाठी. चोळून चोळून बोटं गेली माझी. पांढरं दुधासारखं पाणी निघालं, दोन घमेली."

"आणि पाणी?"

"वाया घालवू व्हय? खळीचं पाणी म्हशीला पौष्टिक. काल दुपारी दोन्ही घमेली प्याली चंदी. चाटून प्याली."

विरुपाक्षानं चंदीकडं बघितलं. चंदीनं सहा महिने एका घोटात घेतले होते आणि ती अत्यंत समाधानी दिसत होती.

"बाजूला व्हा," ज्ञानबा म्हणाला. "पोटात वारं धरलंय. बरगडीखाली सळई खुपसून वारं काढावं लागंल. आधी गुंगीचं देतो, म्हणजे हलायची न्हाई."

"ती कुटं हलतीया?" कुणीतरी विचारलं.

"खुपसल्यावर हलतीया," ज्ञानबा म्हणाला आणि चंदीच्या मानेवरचं कातडं चिमटीत धरलं.

विरुपाक्षाला वैद्यकी येत नव्हती. पण एकशेऐंशी झोपेच्या गोळ्यांवर आणखी गुंगी म्हणजे काय, हे कळायला वैद्यकी लागत नव्हती. गप्प बसलं तर म्हैस मरते. बोललं तर गल्लीत पंचवीस माणसं होती, आणि स्टेशनाजवळच्या माडीपर्यंत बातमी पोचायला त्यांतली दोनच पुरेशी होती. पिचकारीची सुई कातड्याला टेकली.

"गुंगीचं नको!"

"का?"

"दिलंय तिला."

"कुणी?"

"अव्वानं."

"मी?" नागम्मा ताडकन उठली. "मी कवा दिलं रे? शिवलिंगाची आण, मी नुसतं खळीचं पाणी..."

"खळ नव्हती ती," विरुपाक्ष म्हणाला. आता थांबण्यात अर्थ नव्हता. "माझ्या गोळ्या होत्या. फेपऱ्याच्या. काठात विणल्या होत्या. एकशेऐंशी. झोपेच्या जातीच्या असतात त्या. बसऱ्याला न्यायच्या होत्या, कुणाला कळू द्यायचं न्हवतं, म्हणून."

गोठ्यातली पंचवीस माणसं एक वाक्य गिळत होती. त्यातलं 'एकशेऐंशी' कुणाच्या लक्षात राहिलं नाही, 'विणल्या'ही नाही. शेजारच्या सोजरबाईंना फक्त 'फेपऱ्याच्या' एवढाच शब्द ऐकू आला. त्यांनी पायातली चप्पल काढली आणि पुढं होऊन चंदीच्या नाकाला लावली.

चंदीचा कान हलला.

"बघा," सोजरबाई म्हणाल्या.

ज्ञानबानं पिचकारी रिकामी केली. "मग सळई बी नको," तो जरा हिरमुसून म्हणाला. "झोपू द्या. मान उंच ठेवा, दर तासाला कूस बदला, अंगावर पाणी मारत ऱ्हावा. उठली तर उठली. आणि आठ दिवस दूध कुणी पिऊ नका. गल्ली कामावर जायची न्हाई."

पहिली कूस बदलायला नऊ माणसं लागली. ती गेल्यावर नागम्मा आणि विरुपाक्ष चंदीच्या दोन बाजूंना बसले.

"मला सांगायचं न्हाई व्हय रे?"

"बायकांच्या पोटात ऱ्हात न्हाई म्हणून न्हाई सांगितलं."

"म्हशीच्या पोटात ऱ्हायलं की," नागम्मा म्हणाली. मग तिचा आवाज उतरला. "आता तुझ्या गोळ्या, इरुपा? आज काय घेणार?"

देवळीत काड्यापेटीत वाटेपुरत्या ठेवलेल्या तीन गोळ्या होत्या. गुरुवार, शुक्रवार, शनिवार. बोट सोमवारी होती.

*

डॉक्टर हत्तुऱ्यांनी सगळं ऐकून घेतलं. म्हशीपाशी आल्यावर त्यांनी खिडकीबाहेर बघितलं आणि त्यांचे खांदे थोडा वेळ हलले. मग ते गंभीर झाले आणि पेपरवेट उचलला. चिठ्ठी तिथंच होती.

"विसरला होतास."

"व्हय."

"गोळ्यांचा नवा कागद देतो. पण या वेळेला चिठ्ठी त्याला टाचून. गोळ्या मूळ डब्यात, डब्यावर दुकानाचं लेबल. चिठ्ठी वाटेत टाकून द्यायची असेल तर आत्ता सांग, मी तुझ्याबरोबर येऊन त्या आबासाहेबाला तोंडी सांगतो. मला बसऱ्याहून तार यायला नको आहे, विरुपाक्षा."

टाचणी त्यांनी स्वतः टोचली. तिचं टोक दोनदा वळवलं.

शुक्रवारी सकाळी विरुपाक्ष माडीचा जिना चढू लागला. ट्रंक माडीवरच लाखबंद होती. मुंबईत खिसे बघणार होते. डबा नेण्याची एकच वाट होती, आणि ती आबासाहेबांच्या टेबलावरून जात होती. चौथ्या पायरीवर तो थांबला. परत फिरलं तर कांड्या होत्या, सातजणी होत्या, काही बिघडत नव्हतं. मग त्याला सात नंबरच्या मागावरचा तो दिवस आठवला. दोन गोळ्या, वरून धागे, चौकोन मिटला. हात एकदाही चुकला नव्हता. तो वर गेला.

आबासाहेबांनी चिठ्ठी उलटसुलट केली. त्यांचं इंग्रजी खताच्या पोत्यांवरचं होतं. "काय लिहिलंय?"

पित्त लिहिलंय, असं म्हणता आलं असतं. ते शब्द विरुपाक्षाच्या दातांपर्यंत आलेही.

"मला फेपरं यायचं, असं लिहिलंय. चार वर्षं दोन महिने आलं न्हाई. या गोळीनं थांबलंय. ती रोज लागती. गोळी बाहेर देशात धरत्यात का न्हाई ते डॉक्टरांना ठाऊक न्हाई, म्हणून कागद दिलाय."

आबासाहेबांनी चिठ्ठी ठेवली. "मागावर होतास म्हणालास."

"कांड्या भरतो. माग अकरा फुटांवर हाय."

"आणि काल सामान मी स्वतः तपासलं. गोळ्या कुटं होत्या?"

विरुपाक्षानं सांगितलं. चौकोन, दोन पदर, नव्वद, खळ, म्हैस. आबासाहेबांनी ट्रंकेवरची लाख स्वतःच्या हातानं फोडली, चादर काढली आणि खिडकीशी नेऊन काठ उलगडायचा प्रयत्न केला. नखानं खरवडलं. उजेडापुढं धरलं. खिशाला तोंड सापडेना.

"हे तू केलंस?"

"सिदूनं चाक फिरवलं."

"खरं सांग. गोळ्या आत असत्या तर मला कळलं असतं?"

"काहीतरी टोचतंय एवढं कळलं असतं. मी खळ म्हणालो असतो."

"आणि मी मानलं असतं," आबासाहेब हळूच म्हणाले. ते फार दुखावलेले दिसले. त्यांनी चादर मांडीवर घेतली आणि मुंबईला, बसऱ्याच्या कारखानावाल्यांच्या कचेरीत, अर्जंट ट्रंक कॉल लावला.

कॉल लागायला तीन तास गेले. आबासाहेब अधूनमधून काठ चाचपत होते. विरुपाक्ष डबा दोन्ही हातांत धरून बसला होता. घंटा वाजली तेव्हा दोघंही दचकले.

"हॅलो! सोलापूर! एक माणूस! फेपरं! फेपरं हो!" खाली हॉटेलात कपबशांचा आवाज थांबला. "गोळी खातो! डॉक्टरचा कागद हाय! शिक्क्याचा! न्हाई, आता येत न्हाई! चार वर्षं!" मग बराच वेळ नुसतं, हं. हं. मग आबासाहेबांनी चादरीकडं बघितलं आणि बेंबीच्या देठापासून ओरडले, "काम? काम लई चांगलं करतो! मीच फसलो!"

त्यांनी रिसीव्हर ठेवला.

"कागद सगळ्यांत वर ठेवायचा. विचारायच्या आधी दाखवायचा. सोमवारी धक्क्यावर त्यांचा डॉक्टर तपासणार. त्यानं हो म्हटलं तर बोटीवर, न्हाई म्हटलं तर तितनंच परत, बाकीच्यांना धक्का न्हाई. तितं गेल्यावर मागावर उभं करायचं का कांड्या भरायला बसवायचं, ते तितले ठरवतील."

"कांड्या?"

"माझ्या हातात न्हाई ते. जातोस?"

विरुपाक्षानं डब्याकडं बघितलं. सकाळपर्यंत हे गुपित सोलापुरातल्या पंचवीस माणसांना ठाऊक होतं. आता मुंबईला, टेलिफोनवाल्यांना आणि हॉटेलातल्या सगळ्या गिऱ्हाइकांना ठाऊक झालं होतं. लपवायला काही शिल्लक राहिलं नव्हतं. हातही विचित्र हलके वाटत होते.

"जातो," तो म्हणाला.

"चादर हितंच ठेव," आबासाहेब म्हणाले. "पुढच्या झडतीला मला सरावाला लागंल."

*

शुक्रवारी संध्याकाळी चंदी उठली, घमेल्यापाशी गेली आणि रिकामं घमेलं चाटलं. नागम्मानं तिला साधं पाणी ठेवलं. तिनं तोंड फिरवलं.

शनिवारी सकाळी स्टेशनावर सिदू आला होता, आणि कारखान्यातल्या सातही जणी. नागम्मानं विरुपाक्षाच्या कपाळाला विभूती लावली, वरच्या खिशातली चिठ्ठी बाहेरून चाचपली, मग डबा चाचपला, मग पुन्हा चिठ्ठी.

"धुऊ नको म्हणजे झालं," विरुपाक्ष म्हणाला.

गाडी हलली. डब्यात बाराही जण समोरासमोर बसले होते. विरुपाक्षासमोर येडू बसला होता, आणि बाळे स्टेशन मागं पडलं तरी तो अवघडून ताठ बसलेला होता. त्याचा एक पाय उघडा होता. एक हात पाठीमागं होता.

"हातात काय हाय रे?" विरुपाक्षानं विचारलं.

येडूनं नाइलाजानं हात पुढं आणला. चप्पल होती.

"पायात घाल ती. गोळी घेतलीय मी काल. येत न्हाई मला."

"आबासाहेबांनी सांगितलंय. बसऱ्यापर्यंत माझ्याकडं जबाबदारी हाय."

"बसऱ्यापर्यंत हातात धरणार?"

"जेवताना खाली ठेवीन की."

विरुपाक्षानं चपलेकडं बघितलं. पाठीला शहारा आला, सवयीनं नाक आक्रसलं, आणि मग सावकाश सैल झालं. शेणाचा वास नव्हता. घामाचा नव्हता. दुकानातल्या कोऱ्या चामड्याचा वास येत होता, आणि आत अजून पिवळा कागद चिकटलेला होता.

"नवी हाय," येडू जरा लाजून म्हणाला. "कालच घेतली. परदेशात जुनी बरी दिसत न्हाई."